ऑनलाइन लिलावातून जुन्या वस्तू घेताना आणि विकताना कोणती काळजी घ्यावी?

आपल्या प्रश्नात दोन भाग आहेत. जुना फिल्म कॅमेरा घेण्यासाठी बोली लावली की अखेरच्या क्षणी कोणीतरी पुढे निघून जाते, आणि चढाओढीत उतरले तर वस्तू फार महाग पडते, ही पहिली अडचण. घरातल्या काही जुन्या वस्तू त्याच मार्गाने विकायच्या आहेत, पण सुरुवात कशी करावी हे कळत नाही, ही दुसरी. मी बऱ्याच वर्षांपासून जुने कॅमेरे आणि लेन्स अशा लिलावांतून घेतो आणि विकतोही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो. माझ्या मते दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: वस्तूविषयी विक्रेत्याला जे ठाऊक असते, ते ग्राहकाला ठाऊक नसते.

आधी बोलीची पद्धत. ईबेसारख्या संकेतस्थळावर आपण कमाल रक्कम नोंदवतो आणि संगणक आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतो. समजा आपण ५,००० ही कमाल रक्कम नोंदवली, दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाची कमाल रक्कम ३,२०० आहे आणि बोलीचा टप्पा १०० चा आहे, तर वस्तू आपल्याला ३,३०० ला मिळते. विजेत्याने साधारणपणे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत द्यायची, या पद्धतीचे विश्लेषण विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये केले होते. तिचा सरळ अर्थ असा की आपली खरी कमाल रक्कम नोंदवण्यात तोटा नसतो. तोटा होतो तो ‘अजून थोडे वाढवून पाहू’ असे म्हणत पुनःपुन्हा बोली लावण्यात.

मग अखेरच्या काही सेकंदांत बोली लावणारे चूक करतात का? मुळीच नाही. लवकर लावलेली बोली इतरांना दोन गोष्टी सांगते: या वस्तूला गिऱ्हाईक आहे, आणि पुढे जायचे तर रक्कम वाढवावी लागेल. ॲमेझॉनच्या जुन्या लिलावांत अखेरच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढत असे, तर ईबेवर लिलाव ठरलेल्या क्षणी संपत असे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा ईबेवर अखेरच्या क्षणी येणाऱ्या बोलींचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. म्हणून आपण ज्या संकेतस्थळावर खरेदी करणार आहात तिथे मुदत वाढते की नाही, हे आधी पाहावे. ती वाढत नसेल, तर आपली एकच, पूर्ण विचार करून ठरवलेली रक्कम शेवटच्या अर्ध्या मिनिटात नोंदवावी, आणि त्यापुढे कोणी गेले तर ती वस्तू त्याची झाली असे समजून दुसरी शोधावी.

ही रक्कम ठरवायची कशी? विक्रीला लावलेल्या किमती पाहून अजिबात नाही. कोणीही काहीही किंमत मागू शकतो. ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ असा शोध घेऊन तीच वस्तू तशाच अवस्थेत प्रत्यक्ष कितीला गेली, हे पाहावे. त्यातून पाठवणीचा खर्च, परदेशातून येणार असेल तर जकात, आणि दुरुस्तीचा संभाव्य खर्च वजा करावा. अनेकजण बोली लावतात तेव्हा जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याने वस्तूचे मोल सर्वांत जास्त, म्हणजे पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त, आखलेले असते. म्हणून हिशेबाने आलेल्या आकड्याच्या थोडे खालीच थांबावे.

आता वस्तूच्या अवस्थेकडे येऊ. सर्वाधिक काळजी इथेच घ्यावी लागते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले की चांगला माल आणि खराब माल ग्राहकाला वेगळा ओळखता आला नाही, तर तो दोन्हींना सरासरी किंमतच देऊ करतो, आणि मग चांगल्या मालाचे मालक बाजारातून निघून जातात. लिलावाच्या पानावर हे अंतर बुजवण्याची साधने म्हणजे छायाचित्रे, वर्णन आणि प्रश्न. कॅमेऱ्यासाठी मी विक्रेत्याला ठरलेले प्रश्न विचारतो: लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून काढलेले छायाचित्र मिळेल का, शटर एक सेकंदाच्या वेगावर अडकते का, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर आहे का, आणि मागच्या झाकणाच्या कडेचा, बाहेरचा प्रकाश अडवणारा फोम चिकट झाला आहे का. टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लगेच दिसतात. समोरून काढलेल्या साध्या छायाचित्रात तीच लेन्स स्वच्छ वाटते. फोम बदलणे सोपे आणि स्वस्त आहे, पण काचेवरचा लेप खाल्लेली बुरशी पुसली तरी डाग राहतो. ‘चाचणी केलेली नाही’ असे लिहिलेला कॅमेरा साध्या, सहज मिळणाऱ्या सेलवर चालणारा असेल, तर तो बंदच आहे असे धरून बोली लावावी, कारण सेल घालून पाहणे विक्रेत्याला सहज शक्य होते.

विक्रेत्याच्या अभिप्रायांची टक्केवारी पाहून समाधान मानू नये. नकारात्मक अभिप्राय वाचावेत, ते किती अलीकडचे आहेत आणि त्याने आजवर काय विकले आहे हे पाहावे. क्षुल्लक वस्तू विकून चांगले नाव कमवायचे आणि मग एकदम महागड्या वस्तू लावायच्या, ही फसवणुकीची जुनी रीत आहे. संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवण्याची विनंती आली की व्यवहार तिथेच थांबवावा, कारण बाहेर दिलेल्या पैशांना संकेतस्थळाचे संरक्षण मिळत नाही.

विकताना हेच सारे उलट बाजूने करायचे असते. दोष लपवलेली वस्तू परत येते, आणि तिच्याबरोबर वाईट अभिप्रायही येतो. प्रत्येक ओरखड्याचे जवळून छायाचित्र द्यावे आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत दोष लिहावेत. माझा अनुभव असा की दोष स्पष्ट सांगितलेल्या वस्तूवर ग्राहक अधिक निर्धास्तपणे बोली लावतात. शीर्षकात मॉडेलचे नाव आणि क्रमांक अचूक हवा, कारण ग्राहक तोच टाकून शोधतो. पुष्कळांना हवी असलेली वस्तू कमी किमतीपासून सुरू करता येते, पण एखाद-दुसराच ग्राहक असलेल्या वस्तूची सुरुवातीची बोली आपल्याला परवडेल त्याच रकमेची ठेवावी. संकेतस्थळाचे कमिशन अनेकदा पाठवणीच्या खर्चासह एकूण रकमेवर आकारले जाते, तेव्हा हिशेब आधीच करावा. फोन किंवा संगणक विकत असाल, तर आपल्या खात्यातून बाहेर पडून नंतरच तो पूर्ण पुसावा. नाहीतर नव्या मालकाला तो सुरूच करता येत नाही.

पाठवताना नाजूक वस्तू एका खोक्यात आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवावे, दोन्हींच्या मध्ये सर्व बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरावण घालावे, आणि हलवून पाहताना आत काही सरकत असेल तर पुन्हा बांधावे. बंद करण्यापूर्वी वस्तूचा अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे परत आलेली वस्तू आपलीच आहे की बदललेली, हे दाखवता येते.