ऑस्ट्रेलियात उतरताना सामानातील खाद्यपदार्थ जाहीर करावेच लागतात का?

होय, आणि शंका असेल तेव्हाही जाहीर करणेच हिताचे असते. विमानात किंवा उतरल्यावर मिळणाऱ्या प्रवासी कार्डावर अन्नपदार्थ, बियाणे, लाकडी वस्तू आणि प्राणिजन्य पदार्थ यांविषयी थेट प्रश्न असतात, आणि त्यावर सही केली की ते कायदेशीर निवेदन ठरते. जाहीर केलेली वस्तू नियमात बसत नसेल, तर अधिकारी ती बहुधा जप्त करून नष्ट करतात, पण खरी माहिती दिल्याबद्दल प्रवाशाला दंड होत नाही. लपवलेली वस्तू मात्र क्ष-किरण यंत्रात किंवा प्रशिक्षित श्वानाच्या नाकाला सापडली, तर २०१५च्या जैवसुरक्षा कायद्यानुसार जागेवरच दंड होतो आणि काही प्रकारचे व्हिसा रद्दही होऊ शकतात.

विमानात मिळालेले सफरचंद पिशवीत विसरून राहणे, ही तर नेहमीची चूक आहे. बुटांच्या तळव्याला चिकटलेली माती हीसुद्धा जोखीमच मानली जाते. म्हणून डोंगरात वापरलेले बूट आधी घासून, वाळवून न्यावेत आणि तरीही जाहीर करावेत.

१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून अधिक रोकड, कोणत्याही चलनात असली तरी, नोंदवावी लागते. अठरा वर्षांवरील प्रवाशाला २.२५ लिटर मद्य शुल्काविना नेता येते. तंबाखूची सवलत मात्र फारच तुटपुंजी आहे: २५ सिगारेटी, शिवाय एक उघडलेले पाकीट. स्वतःची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हाताशी ठेवावीत.