दाढी खूप राठ आहे, वस्तऱ्याने करण्याआधी ती मऊ कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की आंघोळ झाल्यावरच दाढी करता, साबणही चांगला वापरता, तरी हनुवटीवर आणि ओठाखाली वस्तरा अडकतो, केस कापायच्या ऐवजी ओढतो आणि नंतर दिवसभर आग होते. तेल लावून बघू का गरम टॉवेल घेऊ, असं विचारलंय. माझी दाढी अगदी अशीच आहे, गालावर हात फिरवला तर खरखर आवाज येतो अशी, आणि गेली नऊ वर्षं मी साध्या वस्तऱ्यानेच करतोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. केस मऊ करतं ते पाणी. साबण, क्रीम, तेल, टॉवेल हे सगळे पाण्याचे मदतनीस. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि कोरडा असताना तो खरंच चिवट असतो, तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेशी त्याची तुलना करतात ती उगाच नाही. पाणी आत मुरलं की केराटिनचे धागे एकमेकांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल पडतात, केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के पाणी पितो आणि जाडीला साधारण 15 टक्क्यांपर्यंत फुगतो, लांबीला मात्र जेमतेम 1-2 टक्के वाढतो. असा फुगलेला केस कापायला कोरड्यापेक्षा खूपच कमी जोर लागतो. पण पाणी मुरायला वेळ लागतो, कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं तरी, आणि राठ दाढी असेल तर मी चार धरतो. तोंडावर दोन हबके मारले म्हणजे दाढी भिजली असं होत नाही, तेवढ्याने फक्त वरून ओली होते.

मग तुम्ही म्हणाल, आंघोळीत तर दहा मिनिटं पाणी मिळतंच की. मिळतं, पण आंघोळ संपल्यापासून वस्तरा गालाला लागेपर्यंत काय काय होतं ते आठवून बघा. माझं सुरुवातीची दोन वर्षं असं चालायचं की आंघोळ करून बाहेर आलो, सवयीने टॉवेलने तोंड खसखसून पुसलं, कपडे घातले, मग वस्तरा काढून चामड्याच्या पट्ट्यावर पाजवला, मग ब्रश भिजवला, मग वाटीत फेस काढायला बसलो. या सगळ्यात सहज दहा-बारा मिनिटं जायची आणि तोवर दाढी होती तशी वाळलेली, कारण केस पाणी जितक्या सहज पितो तितक्याच सहज सोडूनही देतो. आणि मी आपला साबण बदलत बसलो होतो! एक दिवस क्रम उलटा केला, म्हणजे वस्तरा आंघोळीच्या आधीच पाजवून ठेवला, ब्रश पाण्यात घालून ठेवला, आंघोळ झाली तसा ओल्या तोंडानेच आरशासमोर उभा राहिलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हनुवटीवरून वस्तरा न थांबता खाली आला. साबण तोच, वस्तरा तोच, फरक फक्त टॉवेलचा आणि त्या दहा मिनिटांचा.

खात्री करायची असेल तर एकदा अर्ध्या तोंडाचा प्रयोग करा, मी केलाय. डाव्या गालावर कोमट पाण्यात पिळलेला कपडा चार मिनिटं धरून ठेवा, मध्ये एकदा परत बुडवून घ्या, आणि उजवा गाल नुसता ओला करा, मग दोन्हीकडे एकच फेस लावून एकाच हाताने, एकाच दिशेने वस्तरा चालवा. आवाजाकडे लक्ष द्या. कोरड्या बाजूला कर्र कर्र असा खडबडीत आवाज येतो आणि पात्यातून बोटांना थरथर जाणवते, भिजलेल्या बाजूला आवाज बारीक, एकसारखा आणि हात हलका. हा फरक एकदा हाताला कळला की मग पुढे घड्याळ बघावं लागत नाही.

पाणी घ्यायच्या आधी तोंड साबणाने किंवा फेसवॉशने एकदा धुवा, ही पायरी बरेच जण गाळतात. त्वचेतून सुटणारं तेल केसावर बसलेलं असतं आणि त्या थरामुळे पाणी आत जायला उशीर होतो. धुताना बोटांनी केस उगवतात त्याच्या उलट दिशेला चोळा म्हणजे मुळापर्यंत पोचतं. पाणी कोमटपेक्षा थोडं जास्त गरम चालेल, हाताला आरामात सोसेल इतकंच, त्यापेक्षा कडक नको, कडक पाण्याने केस जास्त मऊ होत नाही पण त्वचा लाल होते आणि मग वस्तरा फिरवला की आग होणारच. आणि वीस मिनिटं वाफ घेत बसायचीही गरज नाही, त्वचा फार भिजली की तीही फुगते आणि मऊ पडते आणि वस्तऱ्याला पटकन लागते.

तेलाबद्दल विचारलंत. माझं स्पष्ट मत आहे की तेल आधी लावू नका. कोरड्या किंवा अर्धवट ओल्या दाढीवर तेल चोळलं की जो थर आपण आत्ता धुवून काढला तोच परत बसवला असं होतं. लावायचंच असेल तर दाढी पूर्ण भिजल्यावर दोन-तीन थेंब, तेही घसरण वाढावी म्हणून, मऊपणासाठी नाही. त्यापेक्षा ग्लिसरीनचे तीन-चार थेंब फेसात टाकलेले बरे, ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. गरम टॉवेल मात्र चांगलाच, पण ओलाच हवा, नुसता गरम नाही, आणि दाढीवर थोडा फेस लावून त्यावर टॉवेल ठेवला तर अजून चांगलं.

आता फेस. राठ दाढीवाल्याने यावर वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं, कारण फेस म्हणजे भिजलेल्या केसावर घातलेलं पाण्याचं पांघरूण. ते पांघरूण वाळलं की खालचे केसही वाळायला लागतात. ब्रशमधलं पाणी थोडं झटकून साबणावर अर्धा मिनिट फिरवा, आधी घट्ट चिकट लगदा होईल, त्यात ब्रशचं टोक पाण्यात बुडवून थेंब थेंब पाणी वाढवत जा. बहुतेक लोक इथे फार लवकर थांबतात. भरपूर आणि उंच फेस झाला म्हणजे चांगला झाला असं नाही, वरून चमक दिसली पाहिजे, बुडबुडे डोळ्याला दिसता कामा नयेत आणि दोन बोटांत घासला तर बोटं सटकली पाहिजेत. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, थोडा साबण परत घ्या. मग तोंडावर लावताना ब्रश गोल गोल फिरवा, मिनिटभर तरी, विशेषतः हनुवटीवर, म्हणजे आडवे पडलेले केस उभे राहतात आणि मुळाशी फेस जातो. शेवटी वरून सरळ हात फिरवून सारखा करा.

नळाचं पाणी जड असेल तर एवढं करूनही फेस बसतो, वाटीला पांढरी साय धरते. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जोडलं जातं आणि न विरघळणारा चोथा तयार होतो. अशा वेळी तोंड नळाच्या पाण्याने धुवा पण फेसापुरतं एक वाटी मऊ पाणी वेगळं घ्या, डिस्टिल्ड असलं तर उत्तम, फरक लगेच दिसेल.

वस्तऱ्याने दाढी करायला वेळ लागतो, शिकताना तर वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे उजवा गाल करेपर्यंत डावीकडचा फेस कडेने वाळायला लागलेला असतो. वाळलेल्या फेसावर वस्तरा कधीच चालवू नका, ओला ब्रश परत फिरवून घ्या, कितीही वेळा. आणि क्रम असा ठेवा की गाल आधी, मग मान, आणि हनुवटी-मिशी सगळ्यात शेवटी, कारण जिथले केस सगळ्यात जाड तिथे फेसाला सगळ्यात जास्त वेळ मिळतो. ओठाखालचा तो छोटा पट्टा मी अगदी शेवटी करतो, त्याआधी तिथे ब्रश परत एकदा दाबून फिरवतो, खालचा ओठ दातांवर ताणून धरतो आणि अर्ध्या इंचाच्या छोट्या छोट्या हातांनी खाली येतो. पहिला हात कायम केसांच्या दिशेनेच, उलटा हात राठ दाढीवर पहिल्यांदा मारला की ओढणारच, मग पाणी कितीही मुरलेलं असो. दाढी चार-पाच दिवसांची वाढलेली असेल तर आधी ट्रिमरने खुंट राहतील इतकी कमी करून घ्या आणि मग भिजवा.

अजून एक, धारेबद्दल. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये सायन्स या नियतकालिकात दाखवलं की केस पोलादापेक्षा साधारण 50 पट मऊ असूनही पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवू शकतो, विशेषतः केस वाकून धारेला तिरका भिडला की. त्यांनी साध्या डिस्पोजेबल रेझरच्या पात्यांवर काम केलं होतं, वस्तऱ्यावर नाही, पण तेव्हापासून मी सैल त्वचेवर पातं चालवत नाही. त्वचा दुसऱ्या हाताने ताणून धरली की केस मुळाशी टेकून उभा राहतो आणि वाकायच्या आधी कापला जातो. पातं त्वचेला साधारण 30 अंशात ठेवा आणि प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर 40-50 फेऱ्या.

तुमचं नेमकं कुठे अडतंय हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. वर सांगितलं तसं भिजवून झाल्यावर आधी गालावर, कानाजवळच्या बारीक केसांवर वस्तरा लावून बघा. तिथे सहज चालला आणि हनुवटीवर अडकला तर भिजवणं कमी पडतंय, ब्रश घेऊन हनुवटीवर अजून दोन मिनिटं घाला. कानाजवळही ओढत असेल तर मात्र दाढीला दोष देऊ नका, तो वस्तरा पट्ट्याच्या पलीकडे गेलाय, त्याला दगडावर धार लावायची वेळ झालीय, आणि धार लागेपर्यंत त्याने दाढी करू नका.