यू टर्न घेताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज येतो, इंदूरमध्ये मेकॅनिक म्हणतो सगळं सस्पेन्शन बदला. खरंच बदलावं का?

अजिबात नाही, आधी आवाज कुठला ते ओळखा. सकाळी दसरा मैदानावर किंवा कुठेही मोकळ्या जागी काचा खाली करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि गाडी हळूहळू गोल फिरवा, मग उलट्या बाजूने. चाकाच्या वेगाबरोबर कट-कट वाढली तर बहुधा एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (इंजिनची ताकद वळत्या चाकापर्यंत पोचवणारा, चाकाजवळचा सांधा), आणि डावीकडे वळताना वाजला तर बहुतेक उजवीकडचा. आता चाकामागे टॉर्च मारून बघा, रबराचा बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटलेला असेल आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. बूट नुसता फाटलाय आणि आवाज अजून नाही तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं, पण आवाज सुरू झाला की जॉइंट गेलाच समजा, त्यात नुसतं ग्रीस भरून घेऊ नका, पैसे वाया.

बायपासवर घूं-घूं येते आणि लेन बदलताना कमीजास्त होते? मग व्हील बेअरिंग, हे मात्र टाळू नका प्लीज.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर टण्ण किंवा कुरकुर झाली तर शॉकरच्या वरचं माउंट बेअरिंग बघायला सांगा, दुसरा कोणी स्टिअरिंग फिरवत असताना एका हाताने स्प्रिंगला हलकं धरलं तर झटका जाणवतो. खड्ड्यात खट्‌-खट्‌ म्हणजे बहुतेक लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी), स्वस्तातलं काम.

बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) सैल निघाला तर गाडी चालवूच नका, तिथेच बदला. आणि मेकॅनिकला गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून दाखवायला सांगाच, जो पार्ट ढिला किंवा खराब दिसेल तेवढाच बदलायचा.