दानपेटीतल्या पाकिटानंतर

नाशिक

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र दोनदा वाचले. आपल्या चर्चच्या तरुण संघाच्या शिबिराच्या वर्गणीतून तू पैसे घेतलेस, हिशेब जुळेना तेव्हा संशय तुझ्या मित्रावर गेला आणि तू गप्प राहिलास. पुढे तेवढीच रक्कम बिननावाच्या पाकिटात घालून तू दानपेटीत टाकलीस, नाशिक रोडच्या तीर्थस्थानी बाळ येशूला नवस बोललास, आणि आता रोज क्षमा मागूनही मनाला शांती नाही म्हणून प्रभुभोजनाच्या वेळी, सगळे प्रभूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेत असताना, बाकावरच बसून राहतोस. देवाने आपल्याला क्षमा केली की नाही, असे तू विचारतोस. मला वाटते, तुला छळणारा प्रश्न निराळा आहे.

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला, पाप धुऊन निघावे ही ओढ समजावून सांगावी लागत नाही. रामकुंडावर ती रोज दिसते, सिंहस्थात तर लाखोंच्या गर्दीत दिसते, आणि तिची थट्टा आपण कधीही करू नये. आपला विश्वास सांगतो की ख्रिस्ताने वधस्तंभावर आपले पाप वाहिले, आणि आपण ते कबूल केले तर देव विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे क्षमा करतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हे आहे. म्हणून तुझ्या क्षमेविषयी मला शंका नाही. बाळ येशूच्या दर्शनाला जाण्यालाही माझी हरकत नाही, पण आधीच फुकट दिलेल्या गोष्टीसाठी देवाशी सौदा कशाला करायचा?

मात्र क्षमा एका क्षणात मिळते, तसे बरे होणे एका क्षणात घडत नाही. दावीद राजाने व्यभिचार आणि खुनाच्या पापाची कबुली देताच नाथान संदेष्ट्याने त्याला क्षमेचे वचन सांगितले, तरी त्या पापाचे परिणाम त्याच्या घरात पुढे कितीतरी वर्षे राहिले. बत्तिसाव्या स्तोत्रात तो म्हणतो की मी गप्प राहिलो तोवर माझी हाडे झिजत गेली. हे स्तोत्र आज रात्री सावकाश वाच. तुझा आजार त्या गप्प राहण्यात आहे. देवापुढे तू बोललास, पण ज्या माणसाचे नुकसान झाले त्याच्यापुढे अजून गप्प आहेस.

आता थोडे कठोर लिहितो. प्रभूला शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहूदा या शिष्यानेही त्यासाठी घेतलेली चांदीची तीस नाणी परत केली होती. त्याला पस्तावा झाला, ‘मी पाप केले’ असे तो बोललाही, पण बोलला ते याजकांपुढे. ज्याला धरून दिले त्या प्रभूकडे तो परतला नाही, आणि निराशेत त्याने स्वतःचा अंत केला. पेत्र या शिष्याने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत तीन वेळा प्रभूला नाकारले, पण तो तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूसमोर पुन्हा उभा राहिला, आणि प्रभूने त्याला तीनदाच विचारले, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ ते विचारणे सोपे नव्हते, पेत्र त्याने दुःखी झाला असे योहान लिहितो. तरी त्याच वेळी त्याच्याकडे प्रभूची मेंढरे, म्हणजे त्याचे लोक, सोपवली गेली. पाकिटाने पैसे परत गेले, मित्रा, तू अजून परत गेलेला नाहीस.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, तुम्ही निरोगी व्हावे म्हणून एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा व एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. आपले कॅथलिक बांधव धर्मगुरूपुढे पापकबुली देतात. आपल्या उपासनेत आपण ती सगळे मिळून म्हणतो, आणि सगळ्यांच्या आवाजात स्वतःचा आवाज लपवणे फार सोपे असते. म्हणून आधी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना एकांतात भेट, सगळे सांग आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना कर. मग मित्राकडे जा. प्रभूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. इथे रक्कम फिटली आहे, मित्राचे नाव मात्र खराबच आहे, आणि ज्या समितीपुढे ते खराब झाले तिच्यापुढेच ते साफ व्हायला हवे. त्याहून जास्त लोकांपुढे बोलण्याची गरज नाही. स्वतःचे पाप रंगवून साक्ष देण्याची हौस काही जणांना असते, मला ती रुचत नाही. मित्र रागावेल, कदाचित बोलणेही सोडेल. तो त्याचा हक्क आहे. त्याच्याकडून क्षमा वसूल करायला जाऊ नकोस.

प्रभुभोजनापासून दूर राहणे ही शिक्षा म्हणून स्वतःला लावून घेऊ नकोस. आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन आपले दान अर्पण कर, असे प्रभूने म्हटले आहे, म्हणजे परत येणेही त्या आज्ञेतच आहे. प्रेषित पौलही स्वतःची पारख करून मग भाकर खावी असे सांगतो.

आणखी एक. झोप लागत नाही, जेवण जात नाही असे तू लिहिले आहेस. हे असेच चालू राहिले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी मला फोन कर आणि डॉक्टरांनाही दाखव. त्यात विश्वासाची कमतरता नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता.

येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब कार्यालयात थांबतील का, ते विचारून ठेव. तिथे मी सोबत येईन. मित्राकडे मात्र तू एकट्यानेच जावेस.

तुझा,
काका