मुलगी हँडबॉल खेळते, पुढे यावर पोट भरेल का?

मुलगी आठवीत, ऐरोलीच्या शाळेकडून विभागापर्यंत पोहोचली आणि आता अभ्यास की खेळ, असा तुमचा प्रश्न आहे. आपल्याकडे हँडबॉलमध्ये पगार खेळाचा मिळत नाही, खेळामुळे लागलेल्या नोकरीचा मिळतो. रेल्वेची खेळाडू भरती आणि राज्य सरकारी नोकऱ्यांतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण, हे दोन मुख्य रस्ते. दोन्हीकडे शैक्षणिक पात्रता लागतेच, त्यामुळे दहावी-बारावी सोडून खेळ हा हिशोब चुकीचा.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. त्याला समांतर संघटनेच्या सब-ज्युनियर, ज्युनियर, सीनियर स्पर्धा. दोन्हीकडे खेळवा, पण आधी स्पर्धेला मान्यता कोणाची आहे ते विचारा. हँडबॉलमध्ये देशपातळीवर संघटनांचा वाद काही वर्षं चालला होता, आणि मान्यतेत खोट निघाली की प्रमाणपत्र पडताळणीत बाद होतं. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी तिथल्या तिथे जुळवून घ्या. दुरुस्ती नंतर करायची म्हणजे चपला झिजतात.

युरोपात मात्र खरोखर पगारी क्लब आहेत: हंगेरी, रोमेनिया, डेन्मार्क, फ्रान्स. तिथेही खात्री नसते. नॉर्वेच्या व्हायपर्स क्लबने २०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षं चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. आपल्या मुलींनी २०२२ मध्ये अल्माटीला आशियाई ज्युनियर स्पर्धा जिंकली, म्हणजे गुणवत्ता आहे. कमी पडतात ते वरच्या दर्जाचे सामने.

करिअर सगळ्यात जास्त मोडतं ते गुडघ्यात. एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त तुटतो, आणि बहुतेक वेळा धक्का न लागता: एका पायावर उतरताना किंवा झटक्यात दिशा बदलताना गुडघा आत वळतो. ऑपरेशननंतर मैदानावर परतायला किमान नऊ महिने धरा. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, वॉर्म-अपमध्येच पंधरा मिनिटं: एका पायावर तोल, दोन्ही पायांवर मऊ उतरणं, मग मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. समोरून मोबाइलवर शूट केलं की लगेच दिसतं. सिमेंटच्या मैदानावर उड्यांची संख्या कमीच ठेवा. सोल गुळगुळीत झाला की बूट बदला, मग ते वरून कितीही नवे दिसोत.

बॉल वयाप्रमाणेच द्या. १४ पर्यंत १ नंबर (घेर ५०-५२ सेंमी), नंतर २ नंबर (५४-५६ सेंमी, ३२५-३७५ ग्रॅम). मोठा बॉल पकडीत बसत नाही, मग मुलगी मनगट न वापरता खांद्याने ढकलते आणि खांदा दुखायला लागतो.

ती डावखुरी असेल तर प्रशिक्षकांकडे उजवा विंग (उजव्या कडेची जागा) किंवा उजवा बॅक (त्याच बाजूची, गोलपासून जरा लांबची जागा) मागा. त्या बाजूने डाव्या हाताला गोलचा कोन जास्त मोकळा मिळतो आणि अशा मुली कमी असल्याने निवड चाचणीत स्पर्धाही कमी असते.