पाणथळ आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वस्तीमागच्या खाजणातून (भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीतून) रस्ता गेला, तेव्हापासून आतली तिवरं (कांदळवनाची झाडं) वाळली. दर पावसाळ्यात नवी रोपं लावतो, सगळी मरतात. जात चुकते का? – एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : जातीचं नंतर, आधी पाणी बघा. रस्त्याखालच्या मोरीचा तळ ओहोळाच्या तळापेक्षा उंच असला तर फक्त उधाणाचं पाणी आत येतं आणि ओहोटीला पुरतं निघत नाही. चिखलातून वर आलेली, हवा घेणारी श्वासमुळं दिवसचे दिवस बुडाली की तिवर गुदमरतो. उन्हाळ्यात तेच पाणी आटतं आणि क्षार वाढतात. समुद्राच्या पाण्यात ते हजारी 35 भाग असतात, डबक्यात त्याहून बरेच जास्त.

सेंटिमीटरच्या खुणांचे दोन बांबू घ्या, एक मोरीबाहेर खाडीच्या बाजूला रोवा, दुसरा आत. दोन्हींचा शून्य गवंड्याच्या पाणनळीनं एका पातळीत आणा. हे करायचं राहिलं तर सगळी मापं फुकट. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाला आणि अष्टमी-नवमीच्या भांगाला (पाणी सर्वांत कमी चढतं-उतरतं तेव्हा), पूर्ण भरतीपासून ओहोटीपर्यंत, दर अर्ध्या तासाला दोन्ही आकडे लिहा. बाहेर पाणी उतरलं आणि आत तुंबलेलंच राहिलं, तर दोष मोरीचा. मग कुठलंही रोप लावा, मरणारच.

खुबे-कालवं काढणाऱ्या बायका, चिंबोऱ्या धरणारे, उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्या सांभाळणारा माणूस यांना बैठकीला बोलावण्यापेक्षा ओहोटीला त्यांच्यामागून चिखलात चाला. बुजलेले ओहोळ त्यांना ठाऊक असतात. कोण कुठे काय काढतं ते गावनकाशावर मांडा, कारण विकास आराखड्यात हीच जागा बऱ्याचदा मोकळी दिसते.

मोरी स्वतः फोडू नका. आत कुणाचं खारभात (खाजणात बांध घालून केलेलं भात) असेल तर खारं पाणी थेट शेतात जाईल. मापं, नकाशा, सर्व्हे नंबर जोडून तहसीलदार आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज द्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे, जमीन खासगी असली तरी.

पाणी खेळतं झालं आणि आसपास जुनी झाडं असली की पावसाळ्यात बी भरतीबरोबर आपोआप येतं. एक पावसाळा थांबा. रोपांची घाई बहुधा फोटोपुरती असते.

प्रश्न : 2.25 हेक्टरपेक्षा लहान तळं पाणथळ धरत नाहीत, हे खरं का?

उत्तर : नाही. तो आकडा देशातल्या पाणथळ जागांच्या उपग्रहावरून केलेल्या यादीचा आहे. 2017 च्या पाणथळ नियमांतल्या व्याख्येत आकाराची अट नाही. मात्र भातशेती, नदीपात्र आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा मिठासाठी बांधलेली तळी त्यातून वगळली आहेत. तेव्हा तळं मुळात कशासाठी बांधलं, याचा जुना कागद आधी शोधा.