तृणमण्यांची खोली आणि पस्तीस मिनिटांचा तास
शिक्षकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात नववी-दहावीच्या वर्गांसाठी आम्ही इंग्रजीचा एक उतारा दिला होता. शब्द सुमारे २८०, विषय ‘अँबर रूम’. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात मजकूर असा: तृणमण्यांनी (अँबर, म्हणजे झाडाची घट्ट झालेली जुनी राळ) मढवलेल्या भिंतींची ही खोली प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजासाठी १७०१ मध्ये करायला घेतली. १७१६ मध्ये तिथला पुढचा राजा फ्रेडरिक विल्यम पहिला याने ती रशियाच्या पीटर द ग्रेटला भेट दिली आणि बदल्यात त्याला आपल्या पलटणीसाठी उंचपुरे सैनिक मिळाले. १७५५ मध्ये ती सेंट पीटर्सबर्गजवळच्या त्सारस्कोये सेलो इथल्या राजवाड्यात हलवली. १९४१ मध्ये जर्मन सैन्याने ती सुटी करून खोक्यांत भरली आणि तेव्हाच्या जर्मनीतल्या कोनिग्सबर्गच्या किल्ल्यात नेली. १९४५ नंतर ती कोणाला दिसली नाही. १९७९ पासून काम करून तशीच नवी खोली उभारली, ती २००३ मध्ये खुली झाली.

या उताऱ्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

तास पस्तीस मिनिटांचा आणि पट ६२ चा. उतारा वाचून ओळीओळीचा मराठी अर्थ सांगेपर्यंत घंटा होते. मुलं शांत बसतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर पाटी कोरी. काय बदलावं?
— माध्यमिक शिक्षिका, बार्शी

आधी ओळीओळीचा अर्थ सांगणं बंद करा. इंग्रजी वाक्यामागून मराठी येणारच हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून इंग्रजी चालू असताना ती नुसती वाट पाहत असतात. पाळीपाळीने उभं करून वाचून घेण्यातही तेच होतं. आपल्याआधी किती जण आहेत ते मोजून मूल स्वतःचं वाक्य हेरून ठेवतं आणि बाकीचा उतारा त्याच्या कानावरून जातो.

पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद. प्लास्टिकची फूटपट्टी कोरड्या लोकरी कापडावर पंधरा-वीस वेळा जोरात घासा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ धरा. कपटे उडून चिकटतात. तृणमणी घासला तरी हेच होतं. तो तृण, म्हणजे गवताची काडी, ओढून घेतो म्हणून तर त्याचं नाव तृणमणी. ग्रीक लोक त्याला ‘एलेक्ट्रॉन’ म्हणत आणि ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द त्यावरूनच आला. एवढं सांगितलं की ‘अँबर’ हा शब्द मूल विसरत नाही. हा प्रयोग जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हमखास फसतो. तेल लावलेल्या केसांवर कंगवा घासूनही काही होत नाही. लोकरीचा तुकडा नसेल तर टेरिकॉट चालेल, पण दोन्ही गोष्टी खडखडीत कोरड्या हव्यात.

अँबर हा शब्द मुलं तीन ठिकाणी चुकवतात. कोणाला आभाळ आठवतं, कोणाला जयपूरजवळचा आमेरचा किल्ला, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांना बातम्यांतली ‘व्हेल माशाची उलटी’. ही शेवटची चूक हुशारीची आहे, कारण त्या पदार्थालाही अंबरच म्हणतात आणि इंग्रजी ‘अँबर’ हा शब्द मुळात त्या अरबी नावावरूनच आला. आपला तृणमणी मात्र झाडाची राळ आहे. बाल्टिक समुद्राकाठची ही राळ कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून घट्ट झाली.

अँबर धरून आधी चारच शब्द शिकवा. बाकीचे तीन म्हणजे पॅनेल, डिसमँटल आणि क्रेट. पॅनेल म्हटलं की मुलांना सोसायटीच्या निवडणुकीतलं पॅनेल आठवतं. इथे ती लाकडी फळी आहे, तिच्यावर तृणमण्याच्या पातळ चकत्या चिकटवलेल्या आणि मागे सोन्याचा वर्ख. फळ्यावर एक चौकट काढा, आत वेड्यावाकड्या चकत्या काढा, म्हणजे भिंत सुटी कशी करता येते ते आपोआप कळतं. बाकीचे अनोळखी शब्द मुलांना अंदाजाने ओलांडू द्या.

मग वाचण्याआधी एकच प्रश्न फळ्यावर लिहा. तो ‘केव्हा’चा नको, कारण आकडे नजरेला आधी दिसतात आणि एकही वाक्य न वाचता उत्तर मिळतं. प्रश्न असा घ्या: १९४१ मध्ये राजवाड्यातल्या लोकांनी खोली स्वतःच सुटी करून सुरक्षित जागी का नेली नाही? उताऱ्यात उत्तर दोन वाक्यांत विभागलं आहे. तृणमणी वाळून ठिसूळ झाला होता, हात लावला की तुकडे पडत. म्हणून त्यांनी भिंतींवर साधा कागद चिकटवून ती लपवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वाक्यात नुसतं ‘इट’ आहे. ते ‘इट’ म्हणजे काय हे ज्याला कळलं, त्याने वाचलं.

मूक वाचनाला पाच मिनिटं पूर्ण द्या. या वेळात फिरू नका, बोलू नका, फळा पुसू नका. त्यानंतर दहा मिनिटं जोडीजोडीने तक्ता भरणं: वर्ष, जागा, कोणाच्या ताब्यात, आणि चौथा रकाना ओळ क्रमांकाचा. उताऱ्याच्या समासात दर पाचव्या ओळीला आकडा टाकून घ्या. ओळ क्रमांक नसलेलं उत्तर तपासू नका. ६२ मुलांच्या वर्गात सगळ्यात जास्त उपयोग या एका रकान्याचा होतो, कारण दोन मुलांची उत्तरं जुळली नाहीत की ती तुमच्या तोंडाकडे बघण्याऐवजी मजकुराकडे वळतात. उरलेल्या वेळात तुम्ही एकदा, सलग, चांगल्या उच्चारांत उतारा वाचून दाखवा. मोठ्याने वाचनाची जागा शेवटी आहे. अर्थ लागल्यावर कानाला वाक्याची चाल कळते.

‘रेलिक’ म्हणजे अवशेष असं शिकवलं. मुलांनी ‘रायगड इज अ रेलिक’, ‘ताजमहाल इज अ रेलिक’ असं लिहिलं. चूक म्हणावं का?
— इंग्रजी शिक्षक, महाड

चूकच म्हणावं, पण त्यामागे आपलं भाषांतर आहे हेही पाहावं. मराठीत एकटा ‘अवशेष’ जिथे चालतो तिथे इंग्रजीत वेगवेगळे शब्द लागतात. पडझड झालेली इमारत म्हणजे रुइन्स, जमिनीत सापडलेली हाडं किंवा पाया म्हणजे रिमेन्स, उभी वास्तू म्हणजे मॉन्युमेंट. रायगडाला फोर्ट म्हणा, तिथल्या पडलेल्या वाड्यांना रुइन्स. मागे उरलेली, जपून ठेवलेली, सहसा हातात मावणारी वस्तू म्हणजे रेलिक, आणि तिला बहुधा श्रद्धेची किंवा आठवणीची जोड असते.

यासाठी नालासोपाऱ्याचं उदाहरण अगदी चपखल आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. ते तुकडे म्हणजे रेलिक, करंडक म्हणजे कास्केट, स्तूप म्हणजे मॉन्युमेंट. फळ्यावर पेटीचा धरून एकात एक सहा चौकोन काढा आणि मुलांना सगळ्यात आतलं नाव सांगायला लावा. व्याख्या लिहून देण्याची गरज उरत नाही.

‘कल्चरल रेलिक्स’ ही जोडी इंटरनेटवरच्या पाठ टाचणांत सारखी दिसते, कारण ती बहुतेक टाचणं चीनमधली आहेत. तिथल्या ‘वनवू’ या शब्दाचं इंग्रजी रूप म्हणून ही जोडी रुळली आहे. १९८२ चा त्यांचा संरक्षण कायदाही इंग्रजीत याच नावाने ओळखला जातो. त्यात वास्तूही येतात आणि वस्तूही. आपल्याकडच्या इंग्रजीत वास्तूला मॉन्युमेंट आणि वस्तूला अँटिक्विटी म्हणतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वस्तू निदान १०० वर्षांची असेल तर ती अँटिक्विटी, हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. चिनी टाचण वापरायला हरकत नाही, फक्त हा फरक मुलांना सांगून ठेवा.

मुलं ‘द किंग हू गेव्ह द रूम, ही वॉज हॅपी’ असंच लिहितात. रिलेटिव्ह क्लॉज कितीदा शिकवला तरी ‘ही’ जात नाही.
— शिक्षक, उदगीर

तो ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. ‘ज्या राजाने खोली दिली, तो राजा’ ही मराठीची जोडी आहे, जो आला की तो यायलाच हवा. इंग्रजीत जोडीतला दुसरा नसतोच. नियम पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना मराठीतलंच दुसरं रूप दाखवा: ‘रशियाला भेट दिलेली खोली’, ‘खोक्यांत भरलेल्या फळ्या’. बोलताना आपण जो-तो फार वापरत नाही, ‘-लेला’ आणि ‘-णारा’ यांनी काम भागवतो, आणि त्यात ‘तो’ येत नाही. ‘दिलेली खोली’ आधी म्हणायला लावा, मग खोली पुढे आणा आणि ‘दिलेली’ मागे उलगडा: ‘द रूम विच वॉज गिव्हन टू रशिया’. इंग्रजीतला उलटा क्रम इथे डोळ्यांना दिसतो.

दुसरी चूक राजासाठी ‘विच’ लिहिण्याची. मराठीतला जो-जी-जे लिंग पाहतो, माणूस की वस्तू ते पाहत नाही. त्यामुळे हा प्रश्न मुलांना कधी पडलेलाच नसतो. तो वेगळा शिकवावा लागतो. ‘व्हूज’ सोपा आहे. ज्याचा, ज्याची, ज्याचे अशी रूपं इंग्रजीत बदलत नाहीत, एवढं सांगितलं की झालं.

स्वल्पविरामासाठी हा उतारा फार सोयीचा आहे, कारण खोल्या दोन आहेत. ‘द रूम विच वॉज मेड फॉर द किंग इज लॉस्ट’ यात स्वल्पविराम नाही, कारण दोन खोल्यांपैकी कोणती ते सांगायचं आहे. ‘कोनिग्सबर्ग कॅसल, व्हेअर द क्रेट्स वेअर सेंट, वॉज बॉम्ब्ड इन १९४४’ यात दोन स्वल्पविराम, कारण किल्ला एकच, मधलं वाक्य काढलं तरी तो ओळखू येतो.

सरावाला वाक्यांच्या पट्ट्या चांगल्या, पण प्रत्येक गटाला बारा पट्ट्या म्हटलं की मोठ्या वर्गात दोनशेच्या घरात पट्ट्या कापाव्या लागतात. त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सहा अर्धी वाक्यं डावीकडे, सहा उजवीकडे उलटसुलट लिहून भिंतीला लावा आणि जोड्या वहीत लावू द्या.

‘मग ती खोली आता कुठे आहे?’ यावर वर्गात इतका गोंधळ होतो की पाठ बाजूला राहतो.
— शिक्षिका, फोंडा, गोवा

हा गोंधळ थांबवू नका, त्याला रकाने द्या. पाठातला हा सगळ्यात सुपीक भाग आहे. फळ्यावर तीन रकाने: सिद्ध, शक्य, ऐकीव. खोकी कोनिग्सबर्गला पोचली, हे सिद्ध. किल्ला बॉम्बहल्ल्यात आणि नंतरच्या लढाईत जळाला, हेही सिद्ध. खोली त्याच आगीत गेली, हे शक्य. अमुक खाणीत, तमुक बुडालेल्या जहाजात सापडली, हे ऐकीव. उताऱ्यात नसलेली एक गोष्ट तुम्ही सांगा: १९९७ मध्ये जर्मनीत या खोलीतलं एक दगडी मोझेइक चित्र मिळालं. खोली हलवण्याच्या कामावर असलेल्या एका सैनिकाच्या कुटुंबाकडे ते होतं. आता मुलांना विचारा, यावरून काय सिद्ध होतं? निदान एक वस्तू बाकी खोलीपासून वेगळी झाली होती, एवढंच. बाकी खोली वाचली, असं त्यातून निघत नाही. ही पायरी मुलं घाईने ओलांडतात, तिथे थांबा.

व्याकरण इथेच बसवा. ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजेच’ असं मुलांच्या डोक्यात घट्ट असतं, म्हणून ‘इट मस्ट हॅव बर्न्ट’ याचा अर्थ ती ‘जळायलाच हवी होती’ असा लावतात. इथे अर्थ ‘जळली असणार’. ‘मे हॅव’ म्हणजे ‘असेल’, ‘कान्ट हॅव’ म्हणजे ‘असणं शक्यच नाही’. शक्यच्या रकान्यातल्या प्रत्येक विधानाला यांपैकी एक रूप लावून घ्या.

आपल्याकडे अजिंठा असताना रशियातली खोली कशाला?
— मुख्याध्यापक, सिल्लोड

अजिंठा जरूर घ्या, फक्त एक चाचणी करून. उतारा झाकून ठेवा आणि प्रश्न मुलांना द्या. निम्मी उत्तरं बरोबर आली, तर तो उतारा वाचनाचा नाही, सामान्यज्ञानाचा आहे. तुमच्या भागातल्या मुलांना लेणी पाठ असतात, त्यामुळे हा धोका तुमच्याकडे जास्त.

म्हणून त्यांना ठाऊक नसलेला अजिंठा द्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलप्रती केल्या. त्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग चित्रकार जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. हे दीडशे-दोनशे सोप्या इंग्रजी शब्दांत बसतं. तृणमण्यांची खोली झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात हा उतारा घ्या. तिकडे मूळ गेलं आणि प्रत उरली. इकडे प्रती जळाल्या, मूळ भिंतीवर आहे. मग पाच वाक्यांचं लेखन द्या: २००३ ची खोली रेलिक म्हणावी का? हो किंवा नाही, दोन्ही चालेल. मात्र पाचांपैकी दोन वाक्यांपुढे उताऱ्याचा ओळ क्रमांक हवा.